सासऱ्यांचा घसारा

घरातच राहणाऱ्या सासऱ्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा केक बाहेर कापला जात होता, आणि आपला हिशेबनीस आतल्या खोलीत दार लावून, कानांत इयरफोन खुपसून स्वतःचाच आवाज ऐकत बसला होता. बायकोनं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा तो "आलोच" म्हणाला आणि जागचा हलला नाही.

पण त्याला तरी नावं कशी ठेवायची? फायनान्सची बढतीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती आणि दोनदा तिनं त्याला चारी मुंड्या चीत केलं होतं. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "या खेपेला पास झालास तर मुख्य हिशेबनिसाची खुर्ची तुझी. नाहीतर शेजारच्या टेबलावरच्याची." शेजारच्या टेबलावरचा म्हणजे ज्याला यानंच रजेचा अर्ज लिहायला शिकवला होता तो! त्याच्यासमोर उठून उभं राहायचं या कल्पनेनंच हिशेबनीस रात्री दोनला उठून पुस्तक उघडायचा.

अडचण एकच होती. वाचलेलं सगळं समजायचं, पण पुस्तक मिटलं की पाटी कोरी. शेवटी त्याच्या ध्यानात आलं, की आपल्या डोक्यात काहीच टिकत नाही असं नाही. नातेवाइकांचे गुण बरोब्बर टिकतात! कोण कधी काय बोललं, कोण कुठे कसं वागलं, सगळं तोंडपाठ. मग काय, गड्यानं एकेक संकल्पना एकेका नातेवाइकाला चिकटवली, फोनवर आपल्या आवाजात रेकॉर्ड केली, आणि काय सांगू, सगळं फटाफट पाठ व्हायला लागलं. आनंदाच्या त्याला नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

त्या दिवशी मात्र इयरफोनमधून आवाज फारच बारीक येत होता. त्यानं आवाज वाढवला. जरा बरं ऐकू आलं. आणखी वाढवला. आता कसं स्वच्छ! मेहुण्यानं गाणी लावायला आणलेला तो ढोलाएवढा स्पीकर गेल्या सहलीपासून ब्लूटूथवर आपल्या फोनला ओळखतो, आणि आपण ऐकतोय तो आवाज कानातून नाही, दाराच्या फटीतून येतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"घसारा!" बाहेर स्पीकर गरजला. "घसारा म्हणजे आमचे सासरे. दरवर्षी किंमत थोडी थोडी उतरत जाते. वस्तू मात्र सोफ्यावरून हलत नाही."

सासऱ्यांच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली.

"अगदी खरं!" आत्या टाळी वाजवून म्हणाली. ही हिशेबनिसाची सख्खी आत्या, तोंडानं फटकळ. "माझा भाचा हुशारच आहे हो पहिल्यापासून."

"संभाव्य देणं!" स्पीकर पुढे सरकला. "म्हणजे आमची आत्या. येईल किंवा येणार नाही. आली तर किती दिवस राहील, अंदाज नाही. म्हणून हिशेबात धरायची नाही, नुसती तळटीप द्यायची आणि धास्ती बाळगायची."

आत्याचे हात टाळीच्या पवित्र्यातच थांबले. मेहुणा हसता हसता खुर्चीवरून पडायच्या बेतात होता, तेवढ्यात त्याचीही पाळी आली. "अमूर्त मालमत्ता! म्हणजे मेहुणा. काही काम करताना कुणी पाहिलेला नाही, तरी सासरची मंडळी म्हणतात फार मोलाचा आहे."

बंद करायला बायको धावली, पण स्पीकरचं बटण सहलीतच तुटलेलं, फोन आत आणि दाराला कडी. तिनं दार बडवलं. आतून उत्तर आलं, "आलोच!" आणि दोनदा ऐकलं की पक्कं बसतं म्हणून त्यानं रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तो बाहेर आला तेव्हा मेणबत्त्या वितळून केकवर सांडल्या होत्या.

"काय, संपला का केक?" त्यानं उत्साहानं विचारलं.

"या जावईबापू," सासरे म्हणाले. "वस्तू अजून सोफ्यावरच आहे."

पुढचं काय सांगावं! त्यानं हात जोडले, कान धरले, शिष्यवृत्ती मिळवणारी मुलंसुद्धा असंच पाठ करतात अशी थापही मारली. कुणी ऐकेना. आणि नुसती भांडून मोकळी होतील तर ती नातेवाईक मंडळी कसली? तिघांनीही त्याचं म्हणणं खोटं पाडून दाखवायचा विडाच उचलला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बूट घालून सासरे घराबाहेर पडले ते बागेला सात फेऱ्या मारून आले. आठवड्याभरात केस काळे झाले, पोट आत गेलं, जिना चढताना ते शीळ घालायला लागले. आत्यानं फोन करून सांगितलं, "शुक्रवारी संध्याकाळी सहाला येतेय. रविवारी जेवून निघेन. लिहून ठेव." आणि अगदी ठरल्या वेळेला आली! मेहुणा तर पाना घेऊन रोज हजर. त्यानं गळका नळ दुरुस्त केला, मग त्या दुरुस्तीनं फुटलेला पाइप दुरुस्त केला, आणि दोन्ही वेळा भरपेट जेवला.

इकडे हिशेबनिसाचं धाबं दणाणलं. घसारा आठवायला जावं, तर डोळ्यांसमोर सासरे जोर काढताना दिसायचे. संभाव्य देणं म्हटलं, की आत्या घड्याळ बघत दारात उभी. पाठ केलेलं सगळं एकेक करून पुसलं जात होतं! परीक्षेच्या आदल्या दिवशी तो अक्षरशः सासऱ्यांच्या पाया पडला.

"बाबा, उद्या दुपारपर्यंत तरी सोफ्यावर पडून राहा हो!"

"शक्य नाही," सासरे जागच्या जागी धावत म्हणाले. "सवय झाली आता."

"आत्या, तू तरी न सांगता ये ना गं!"

"मुळीच नाही," आत्या फोनवर म्हणाली. "एकदा बट्टा लावलास तो लावलास."

"आणखी चार माणसांना नावं ठेव," बायको म्हणाली आणि त्याचं पेन, ओळखपत्र, पाण्याची बाटली पिशवीत घालून मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी मरणाला निघाल्यासारखा तो परीक्षेला बसला, पेपर उघडला आणि डोळे चोळून पुन्हा वाचला. व्याख्या एकही नव्हती! सगळे प्रश्न होते ते परिस्थिती बदलली तर काय करायचं याचे. यंत्राचं आयुष्य वाढलं तर घसाऱ्याचं काय? अरे, उरलेली किंमत वाढलेल्या वर्षांवर नव्यानं वाटायची, सासरे धावताहेत ना! संभाव्य देणं नक्की झालं तर? आता तळटीप पुरत नाही, रीतसर तरतूद करायची, आत्या शुक्रवारी सहाला येतेय! अमूर्त मालमत्ता वापरात आली तर? तिचा खर्चही पडायला लागतो, मेहुण्याचं ताट वाढा! नुसत्या व्याख्या घोकल्या म्हणून दोनदा आपण आपटलो, हे त्याला तिथं बसल्या बसल्या उमगलं. पेन नुसतं पळत होतं.

शेवटचा प्रश्न गोइंग कन्सर्नचा, म्हणजे धंदा उद्याही असाच चालू राहणार हे धरून चालण्याचा. हे त्यानं कुणालाच चिकटवलं नव्हतं. आपल्या घरात असं कोण आहे, जे उद्याही असणारच म्हणून कुणी विचारसुद्धा करत नाही? आणि एकदम बायको डोळ्यांसमोर आली. त्यानं दोन पानं लिहिली.

निकाल लागला. पास! तोही घसघशीत मार्कांनी! हिशेबनीस घरभर नाचला, सासऱ्यांना त्यानं उचलायचा प्रयत्न केला, मेहुण्याच्या गालाचा मुका घेतला. मंडळीही सगळा राग विसरून जमली होती.

"पण तारलं कुणी तुला?" आत्यानं विचारलं. "मीच ना?"

"तू होतीसच. पण शेवटचा प्रश्न खरा हिनं सोडवला!" त्यानं बायकोकडे बोट दाखवलं. बायको चक्क लाजली.

"मी? ते कसं काय?"

"तू म्हणजे गोइंग कन्सर्न! घर उद्याही असंच चालणार, हे आपण सगळे धरूनच चालतो ना, ते तुझ्यामुळे!"

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "इथंच थांबा."

पण आनंदाच्या भरात थांबतो तो हिशेबनीस कसला! "आणि गंमत म्हणजे, हे हिशेबात कुठे लिहावंही लागत नाही!"

"कुठेच नाही?" बायकोनं शांतपणे विचारलं.

"गरजच नाही! चालणार की नाही अशी मोठी शंका आली, तरच लिहायचं."

"असं होय," बायको म्हणाली. आत गेली आणि थोड्या वेळानं हातात बॅग घेऊन बाहेर आली. "मग लिही आता. आत्या, तुमच्याकडे आठ दिवस आले तर चालेल?"

"आठ कशाला? चांगली महिनाभर राहा!" आत्या चप्पल शोधत म्हणाली. जिन्यावरून दोघींच्या हसण्याचा आवाज बराच वेळ वर येत राहिला.

घरात तिघे पुरुष उरले. "चहा कोण करतंय?" मेहुण्यानं विचारलं. सासरे छताकडे बघू लागले. नवा मुख्य हिशेबनीस स्वयंपाकघरात गेला आणि एकामागून एक डबे उघडू लागला. डाळ, मीठ, पुन्हा डाळ. तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"अभिनंदन! उद्यापासून खुर्ची तुझी. बोल, काय हवंय?"

"साहेब," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "चहाची पूड कुठे ठेवतात हो तुमच्या घरी?"

पलीकडे एक-दोन डबे उघडल्याचा आवाज आला.

"थांब हं," साहेब म्हणाले. "बायकोला विचारून सांगतो."