लंडनच्या धक्क्यावर बाबली

"संगणकाच्या पेट्या सोमवारी येणार, गुरुजी. ठेवायला तुमचीच खोली मोकळी आहे," मुख्याध्यापिका सुगंधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचा कप रामचंद्र गुरुजींपुढे सरकवला. वाईट बातमी त्या नेहमी चहाबरोबर देत.

तोंडवलीच्या अलीकडच्या वाडीतल्या त्या शाळेतून गुरुजी १९९८ साली निवृत्त झाले होते. म्हणजे कागदोपत्री. त्यानंतरची सहा वर्षं ते रोज साडेचार वाजता कोपऱ्यातली खोली उघडत आणि मुलांचा बोलण्याचा वर्ग घेत. चार माणसांत उभं राहावं, समोरच्याचं नीट ऐकावं आणि आपलं म्हणणं सांगावं, एवढाच अभ्यासक्रम. फी नाही, परीक्षा नाही. त्यामुळे सरकारी कागदांत हा वर्ग नव्हताच.

"मग वर्ग कुठे घेऊ?"

"शनिवारी स्नेहसंमेलनाला विस्तार अधिकारी येतायत. त्यांना काहीतरी दाखवा. त्यांनी वर्ग चालू ठेवा असा शेरा दिला तर पेट्या मी माझ्या ऑफिसात घेईन. नाही दिला, तर मी काय करू, तुम्हीच सांगा."

दाखवायला गुरुजींकडे एक गोष्ट तयार होती. वाचनालयातल्या युरोपच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकात ती त्यांना सापडली होती. चारशे वर्षांपूर्वी धर्माच्या छळामुळे फ्लँडर्सकडचे विणकर घरदार सोडून समुद्रापलीकडे इंग्लंडला जात. तिथली भाषा येत नसे. मग खिशात संभाषणाचं छोटं पुस्तक ठेवत. खाणावळीत काय विचारायचं, बाजारात भाव कसा करायचा, दुकानदार काय म्हणेल आणि आपण काय म्हणायचं, सगळं त्यात छापलेलं. अशा परागंदा माणसांतलेच काही जण पुढे भाषा शिकवून पोट भरू लागले. हे वाचताना आपल्याच वर्गाविषयी कोणीतरी लिहिलंय असं गुरुजींना वाटलं होतं.

त्यांनी लगेच मालवणी संभाषणांची तसलीच बत्तीस पानी वही तयार केली. श्रियासाठी. वडिलांची कंपनी बंद पडली म्हणून ती जूनमध्ये डोंबिवलीहून आली होती आणि पोरं हसतील या भीतीने मालवणीत तोंड उघडत नव्हती. वही तिने पाठ केली. तोंड मात्र उघडलं नाही.

आता त्याच गोष्टीचं गुरुजींनी तीन अंकी नाटक केलं. पहिल्या अंकात वर्गातला मिहीर हा विणकर आणि त्याची मुलगी श्रिया लंडनच्या धक्क्यावर उतरतात. बंदराचा अधिकारी चार प्रश्न विचारतो. विणकर पुस्तकातली चार उत्तरं देतो. पाचवा प्रश्न पुस्तकात नसतो, म्हणून अधिकारी त्यांना हाकलतो. दुसऱ्या अंकात मितेश हा भाषेचा मास्तर त्यांना शिकवतो. तिसऱ्या अंकात अधिकारी त्यांना शहरात घेतो. श्रियाला गाठोडं धरून नुसतं उभं राहायचं होतं. अधिकाऱ्याचं काम मितेशच्या बापाला, दत्तारामला दिलं होतं, कारण त्याच्याकडे खाकी टोपी होती.

शनिवारी तीन वाजता मितेश धापा टाकत आला. हातात टोपी.

"गुरुजी, रापणीत बांगडो गावलो! सगळो गाव दोरयेर आसा. बापूस म्हणता, टोपी धाडलंय, डोक्या मात्र रापणीकडे आसा."

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला लागलं की वाटेकऱ्याने दोर सोडून नाटकाला जायचं नसतं, हे गुरुजींनाही ठाऊक होतं. चारला पडदा उघडायचा होता. वाडीत त्या वेळी एकच धडधाकट पुरुष उरला होता, रात्री दशावतारात काम करून दुपारी झोपणारा बाबली. गुरुजींनी त्याला उठवलं.

"बाबली, चार प्रश्न आहेत. पाठ करशील?"

"गुरुजी, वीस वर्षा काम करतंय, कधी कागद हातात धरलंय? माका गोष्ट सांगा. बोलणी माझी मी बघतंय."

गुरुजींनी इथेच थांबायला हवं होतं. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. गोष्ट ठरते आणि बोलणी रंगमंचावर जागच्या जागी होतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण घड्याळात तीन वीस झाले होते. त्यांनी गोष्ट सांगितली.

"म्हणजे मी राजा," बाबली म्हणाला.

"राजा नव्हे रे. बंदरावरचा अधिकारी."

"अडवता मां? मग राजाच तो. शेवटाक सोडता?"

"सोडतो. पण तिसऱ्या अंकात."

"बरा, बरा."

रात्री कसालला त्याचं नाटक होतं. तिथे तोंड रंगवायचं होतंच, म्हणून त्याने एका रंगात दोन कामं करायचं ठरवलं. चार वाजता पडदा उघडला तेव्हा लंडनच्या धक्क्यावर बाबली उभा होता. डोक्यावर सोनेरी मुकुट, खांद्यावर जरीचा शेला, कपाळावर लाल टिळा. दत्तारामची टोपी त्याने तलवारीच्या मुठीला अडकवली होती.

"हे कोण?" पहिल्या रांगेतल्या विस्तार अधिकारी साहेबांनी विचारलं.

"इंग्लंडचे बंदर अधिकारी," सुगंधाबाई समोर बघत म्हणाल्या.

गाठोडं घेतलेली श्रिया आणि मिहीर आत आले. बाबलीने रंगमंचावर तीन फेऱ्या मारल्या आणि तलवार टेकवली.

"कोण रे तू? येताना समुद्र कसो होतो?"

मिहीरला पहिलं उत्तर पाठ होतं. "महाराज, आम्ही फ्लँडर्स देशातून आलो."

"ता कळला. वाटेत जेवलंस काय?"

"आम्ही लोकर विणतो."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकलं. बाबलीला तेवढंच पुरलं.

"लोकर विण नायतर कापूस विण. पोटात काय आसा ता सांग!"

"आम्ही दोघेच. मी आणि ही पोर."

"अरे मेल्या, पोरीक खाल्लंस? आनी उरला ता खंय ठेवलंस?"

"चर्चच्या मागच्या गल्लीत, चुलत्याकडे."

बायकापोरांनी भरलेला मांडव कोसळायचा बाकी राहिला. बायका पदर तोंडाला लावून वाकल्या. साहेब मात्र हसत नव्हते. ते डायरीत काहीतरी लिहीत होते आणि विंगेतून गुरुजींना तेवढंच दिसत होतं.

मिहीरची चारही उत्तरं संपली होती. बाबलीचे प्रश्न नुसते सुरू झाले होते. "चुलत्याचा नाव काय? बायल खंय तुझी? बोल रे!" मिहीर विंगेकडे बघू लागला.

"पाचवा विचार आणि हाकल त्यांना!" गुरुजी विंगेतून कुजबुजले.

बाबली गर्रकन वळला. तलवार उपसली. "माझ्या नगरीत पडद्याआडसून कोण बोलता? भायर ये!"

रामचंद्र गुरुजी आयुष्यात प्रथमच वर्ग सोडून चार पावलं मागे गेले.

आणि मिहीरच्या डोळ्यांतून पाणी आलं. खरंखुरं. लोक अजून हसत होते, कारण त्यांना ते नाटकातलं वाटलं. शेजारी उभ्या असलेल्या श्रियाला तसं वाटलं नाही. तिने गाठोडं खाली आदळलं.

"हसा नकात!"

बाबली थांबला. "तुका आमची भाषा येता गो?"

"थोडी येता. तुम्ही हळू बोला, मग माका कळता." आता ती थांबत नव्हती. "माझ्या बापसाक इतके प्रश्न एकदम कित्याक विचारता? तो नवो आसा. नव्या माणसाक आधी पाणी देतत. मग गाव विचारतत. तुमच्या लंडनात पाणी नाय काय?"

वीस वर्षांत देव, दानव आणि चार वेळा बदलून आलेले हार्मोनियमवाले यांच्यापुढे कधी न अडलेला बाबली उघड्या तोंडाने उभा राहिला. मग त्याने मुकुट सारखा केला.

"चेडवा, चुकी झाली. पाणी हाडा रे कोणीतरी! उघडा नगरीचे दरवाजे! दोघांकय आयजपासून हंयसर रवाक दिला!"

टाळ्या पडल्या. नाटक सुरू होऊन आठ मिनिटं झाली होती आणि तिसऱ्या अंकाचा शेवट होऊन गेला होता.

विंगेत मितेश पुठ्ठ्याची गोल पांढरी कॉलर घालून उभा होता. "गुरुजी, तिका तर येता. मी आता कोणाक शिकवू?"

"पडदा ओढ, बाळा."

मितेशने पडदा ओढला. मग पडद्यापुढे येऊन आपली बाराही वाक्यं लोकांनाच म्हणून दाखवली, नमस्कार केला आणि आत गेला. पाठ केलेलं वाया घालवणारा तो मुलगा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर साहेब ऑफिसात बसले. गुरुजी टोपी हातात घेऊन समोर उभे राहिले. टोपी दत्तारामची होती.

"साहेब, नाटक असं नव्हतं. संहिता माझ्याकडे आहे. आपण वाचली तर..."

"गुरुजी, खरं सांगू? मला निम्मं कळलंच नाही."

खोलीची किल्ली गुरुजींच्या खिशात होती. ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

"मी यवतमाळचा. बदली होऊन आठ महिने झाले," साहेब डायरी चाळत म्हणाले. "मासळीवाली सत्यवती रोज मला काहीतरी विचारते. मी रोज 'हो' म्हणतो. मंगळवारी हो म्हटलं तर तिने चार किलो सुंगटं, म्हणजे कोळंबी, ओतली. घरात मी एकटा! नाटकात न कळलेले शब्द लिहून घेतले, ते सतरा भरले." त्यांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "काय सांगू गुरुजी, मले तर त्या विणकरात मीच दिसत होतो. तुमच्या वर्गात मोठ्या माणसांना घेता का?"

शेरा त्यांनी तिथेच लिहिला आणि किल्ली गुरुजींकडे सरकवली.

सोमवारी संगणकाच्या पेट्या सुगंधाबाईंच्या ऑफिसात शिरल्या आणि बाईंची खुर्ची व्हरांड्यात आली. साडेचार वाजता साहेब कोपऱ्यातल्या खोलीत तिसरीच्या बाकावर गुडघे वर करून बसले. गुरुजींनी हजेरीत त्यांचं नाव लिहिलं, मोठ्या अभिमानाने बत्तीस पानी वही त्यांच्या हातात दिली आणि श्रियाला समोर उभं केलं.

"विचार गो साहेबांना काहीतरी."

श्रियाने विचार केला. "सायब, जेवलात काय?"

साहेबांनी घाईघाईने वही उघडली. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. बोट ओळीओळीवरून फिरू लागलं. जेवणाचं पान काही सापडेना.

श्रियाने अदबीने ती वही त्यांच्या हातातून काढून घेतली, बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसली.

"आता सांगा," ती म्हणाली. "जेवलात काय?"

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. वही त्यांनी लिहिली होती, पण आता तास श्रियाचा होता.