सेवाज्येष्ठ गवत

मुख्य कार्यालयापुढची हिरवळ पिवळी पडली, ही बाब उद्यान अधीक्षकांच्या निदर्शनास सर्वांत शेवटी आली, कारण त्यांच्या खिडकीचं तोंड वाहनतळाकडे होतं. पुढच्या आठवड्यात संचालक येणार होते. तोवर हिरवळ हिरवी झाली नाही, तर अधीक्षकांची बदली सांडपाणी विभागात, हे साहेबांनी गोड शब्दांत सांगून टाकलं.

अधीक्षक तडक हिरवळीवर गेले. त्यांनी भरपूर पाणी सोडलं. ते वरच्यावर वाहत साहेबांच्या गाडीखाली जाऊन थांबलं. शेवटी गुडघे टेकून त्यांनी गवतात बोट खुपसलं. वर चार हिरवी पाती, तळाशी कोरडी माती आणि मधे मेलेल्या गवताचा चांगला जाड थर. वरचं खाली जाऊ देईना, खालचं वर येऊ देईना. असा थर कुठेतरी पाहिलाय, असं त्यांना सारखं वाटत राहिलं.

“साहेब, मेलेलं गवत दाताळ्यानं ओरबाडून काढलं की झालं!”

“कुणाला विचारून?” साहेब दचकले. “किती वर्षांचं आहे ते?”

“असेल सहा-सात.”

“म्हणजे कायम झालं की! आणि हिरवं?”

“ते अलीकडचं.”

“मग नियम स्पष्ट आहे. कपातीत शेवटी आलेला आधी जातो.”

“अहो, पण ते जुनं मेलंय!”

“हळू बोला.” साहेबांनी दार लोटून घेतलं. “हा निकष लावला तर या इमारतीत उरेल कोण?”

घरी बायकोनं एका वाक्यात निकाल दिला, “गवत गेलं तर जाऊ दे, तुम्ही त्या विभागातून आलात, तर आंघोळ झाल्याशिवाय घरात घेणार नाही.”

दुसऱ्या दिवशी यंत्र फिरलं. हिरवं तेवढं नियमानुसार छाटलं गेलं, सेवाज्येष्ठ थर शाबूत राहिला आणि त्यावर हिरवा रंग फवारण्यात आला.

पाहणीला आलेल्या संचालकांनी बूट-मोजे काढून त्यावर पाऊल ठेवलं. “वा! काय गादी आहे!” लगेच सगळे अनवाणी झाले. बाहेर येताना प्रत्येकाचे तळवे हिरवेगार. अधीक्षकांचा जीव टांगणीला लागला. पण सगळ्यांनी एकमेकांचे पाय पाहिले आणि घाईघाईनं मोजे चढवले.

“यांना बढती द्या,” संचालक म्हणाले.

अधीक्षक आता मधल्या मजल्यावर बसतात. हिरवळ जनतेला खुली झाली आहे. संध्याकाळी लोक तिच्यावर अनवाणी फिरतात, डोळ्यांना बरं असतं म्हणतात, आणि घरी पाय धुताना कुठल्या रंगाचं पाणी गेलं ते कुणाला सांगत नाहीत.

हसताय ना? जरा मोजे काढा बघू.