पत्रा खोटं बोलत नाय

कुंभिवलीच्या हिराजी मिस्त्रींकडे चेपलेली गाडी नेली की ते आधी गाडीकडे बघत नाहीत, तुमच्याकडे बघतात. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून विचारतात, "बोला. कसं झालं? आनि खरं सांगा."

खरं सांगितल्याशिवाय हा माणूस हातोडी उचलत नाही. डॉक्टरला आणि वकिलाला लोक निम्मं सांगतात, हिराजींना सगळं सांगावं लागतं. त्यामुळे खालापूरपासून कर्जतपर्यंत कोणी कोणाचं फाटक पाडलं, कोणता जावई सासऱ्याची गाडी घेऊन कुठे गेला होता, हे सगळं त्यांच्या पोटात आहे. शेडबाहेर मात्र ते त्यांच्या ओठावर कधी आलेलं नाही.

यामागे त्यांचं शास्त्र आहे. "पत्रा ज्या वाटंनं आत गेला, त्याच वाटंनं भायेर आनायचा असतो, सर. शेवटी बसलेला मार आदी काढायचा. वाट चुकली की पत्रा तानतो. मग इकडं दाबलं की तिकडं उठतो. त्याच्यावर सोन्याचा रंग दिला तरी उपेग नाय."

पुट्टीशी तर त्यांचं हाडवैर. बाकीचे कारागीर खड्डा अर्धामुर्धा उचलतात आणि वर पुट्टी थापून मोकळे होतात. हिराजी पुट्टी लावतात ती कागदाएवढी पातळ, तीही नाइलाजानं. "खड्डा पुट्टीखाली गेला मंजे गेला नाय, लपला. पत्रा खोटं बोलत नाय, मानूस बोलतो."

मी कर्जतचा निवृत्त मास्तर. आयुष्यभर पोरांच्या सबबी ऐकल्यामुळे सबब कशी रचावी हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. गेल्या उन्हाळ्यात माझ्या गाडीच्या बॉनेटवर दोन खळगे पडले. मी ती घेऊन कुंभिवलीला गेलो आणि बिनदिक्कत सांगितलं, "माकडानं झाडावरून उडी मारली."

हिराजींनी डोळे मिटून बॉनेटवरून डावा पंजा फिरवला.

"किती किलोचं माकड व्हतं, सर?"

"असेल की चांगलं दांडगं."

"ऐंशी किलो तरी हाय. आनि चपला घालून घटकाभर उभं व्हतं. वरती काय, आंबं का?"

शेडमध्ये बसलेली दोन गिऱ्हाइकं खो खो हसली. झक मारत कबूल केलं. शेजाऱ्यांच्या रायवळीची फांदी आमच्या कुंपणाच्या आत येते आणि शेजारी गावाला गेले होते.

"हां," हिराजी म्हणाले, "आता काम व्हईल."

"घरी मात्र माकडच सांगितलंय," मी हळूच म्हणालो.

"ते तुमी निस्तरा. तिथं माजा हात नाय पोचत."

मग आठवडाभर मी रोज तिथे जाऊन बसलो. काम होतं कुठं नाहीतरी! बॉनेट काढून गोधडीवर उलटं घालायचं, खालून लोखंडी ठोकळा धरायचा आणि लाकडी हातोडीनं हलके हलके पत्रा परत आणायचा. मग पॉलिश पेपर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून पाणी मारत घासायचं. तिसऱ्या दिवशी मला पत्रा आरशासारखा सपाट दिसला. मी म्हणालो, "झालं की! मारा आता रंग."

"डोल्याला काय कळतंय? डोला बघायच्या आदीच खूश झालेला असतो. मिटा डोलं, हात फिरवा. काय लागलं?"

"काही नाही."

"नापास. परत फिरवा."

पाचव्यांदा माझ्या तळव्याला एक बारीकशी लाट जाणवली आणि शाळेत पहिला नंबर आल्यासारखा मी ओरडलो. त्या आनंदात मी जेवायलाही तिथेच थांबलो.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. शेडच्या मागेच त्यांचं घर. दुपारी आत वहिनींचा फोन वाजला की हिराजींची ठोकाठोकी थांबते. कितीही घाईचं काम असो, हातोडी खाली ठेवून ते पॉलिश पेपर उचलतात आणि हळूहळू घासत बसतात. पेपरचा आवाज फारसा होत नाही. फोन महेशचा असतो. त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याकडे कारखान्यात आहे. तो आईशी बोलतो, बापाशी नाही.

वहिनींनीच भाकरी वाढताना मला सांगितलं. तीन वर्षांपूर्वी महेश नवी गाडी घेऊन आला, बॉनेट चेपलेलं. म्हणाला, पुढचा ट्रक मागं आला. हिराजींनी पंजा फिरवला आणि चार गिऱ्हाइकांसमोर सांगितलं, ट्रकबिक काही नाही, फोनवर बोलत होतास आणि स्वतःच खांबावर घातलीस. पोरगा लालबुंद झाला. तसाच गाडी वळवून गेला, तो परत आला नाही.

"खरं व्हतं वो," वहिनी म्हणाल्या. "पन घरात जरा पुट्टी लागते, भावजी. ह्यांना कोन सांगनार?"

हिराजी खाली मान घालून जेवत होते. पहिल्यांदाच मला त्या खऱ्या माणसाचा राग आला आणि कीवही आली.

मी रंगवलेली गाडी न्यायला गेलो त्या दिवशी शेडसमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. तिशीचा तरुण उतरला. चेहरा थेट हिराजींचा. वहिनी दारातच थबकल्या.

"बाबा," तो खाली बघत म्हणाला, "म्हैस आडवी आली."

हिराजी पुढे झाले. मीही मान लांब करून पाहिलं. बॉनेटवर तीन खळगे होते, गोल, एकसारखे, एका ओळीत. एवढ्या दिवसांत इतकं तर मीही शिकलो होतो. ते हातोडीचे ठोके होते. त्या म्हशीनं हातोडी आणली असेल तरच गोष्ट खरी. बाकीची गिऱ्हाइकंही पुढे सरकली आणि निकालाची वाट बघू लागली. मला वाटलं, आता हे गृहस्थ तोंड उघडणार आणि पुन्हा सगळं घालवणार.

हिराजींनी डोळे मिटले. पंजा तिन्ही खळग्यांवरून गेला, परत आला, पुन्हा गेला. एवढा वेळ त्यांना कधी लागत नाही.

"मोटी व्हती का रं म्हैस?"

"हां, बाबा."

"तुला नाय ना लागलं?"

"नाय."

हिराजी बॉनेट पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"लय काम हाय," ते म्हणाले. काम जेमतेम दोन दिवसांचं होतं. "आट दिस तरी लागतील. र्‍हाशील?"

महेशनं मागची डिकी उघडली. कपड्यांनी गच्च भरलेली बॅग तो पुण्याहूनच घेऊन आला होता.