जावईबापूंनी प्लग काढला

सासरे घड्याळजी. दुरुस्त केलेली जुनी घड्याळं विकायला त्यांनी दुकानाची वेबसाइट काढली होती. ती दुकानाच्या मागच्या खोलीतल्या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चालायची. घरात त्याला पेटारा म्हणत.

"बाबा, सगळा भार एकाच मशीनवर," जावईबापूंनी समजावलं. "ते आजारी पडलं की दुकान बंद. क्लाउडमध्ये पुष्कळ मशीन्स असतात. एक पडलं तर दुसरं सांभाळतं, गर्दी वाढली तर आणखी मदतीला येतात. मी सगळं तिकडे हलवलंय."

"रविवारी दहाला साइटवर सुरू होणारी विक्री नीट पार पडली, तर सोमवारपासून तुम्ही दुकानात बसा," सासरे म्हणाले. "पण नवं घड्याळ बरोबर वेळ दाखवतंय हे पाहिल्याशिवाय जुन्याला चावी द्यायचं मी थांबवत नाही."

जावईबापू नुसते हसले. नोकरी सोडून चार महिने झाले होते आणि गल्ल्यामागची ती खुर्ची त्यांना मनापासून हवी होती.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी घरादारासमोर पेटाऱ्याचा प्लग काढला. "बघा, जुनं बंद. तरी साइट चालू!" त्यांच्या लॅपटॉपवर ती खरंच चालू होती.

दहाच्या ठोक्याला मावससासूंचा फोन आला. "अहो, काहीच उघडत नाहीये."

"तुमचं नेट गेलं असेल. फोन बंद करून ठेवा थोडा वेळ."

मग एका गिऱ्हाइकाचा फोन, मग आणखी सहा जणांचे. जावईबापूंनी सगळ्यांना फोन बंद करायला लावले. साहजिकच तक्रारी थांबल्या आणि त्यांनी कॉलर ताठ केली.

"अहो, माझ्याकडेही उघडत नाही," बायको म्हणाली. "तुम्ही कुठून बघताय?"

"नव्या मशीनचा आकडी पत्ता टाकून."

"आणि दुकानाचं नाव टाकलं तर?"

जावईबापूंनी नाव टाकून पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माल नव्या जागी गेला होता, पण दुकानाचं नाव अजून लोकांना पेटाऱ्याकडेच धाडत होतं. ते वळवायचं राहूनच गेलं होतं. क्लाउडमधली ताज्या दमाची मशीन्स तिकडे माश्या मारत बसली होती.

सासऱ्यांनी उठून प्लग लावला. पेटारा कण्हत सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत सगळी घड्याळं खपली.

सासरे शब्दाचे पक्के. सोमवारपासून जावईबापू रोज दुकानात बसतात. मागच्या खोलीत, पेटाऱ्याशेजारी, प्लगवर लक्ष ठेवून.