बारशाची फाइल

धाकट्या भावाला, शिवयोगीला, मुलगी झाली याचा बसवेश बिराजदारला मनापासून आनंद झाला होता. तो आनंद बरोबर सहा दिवस टिकला. सातव्या दिवशी, रविवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतोय तोच मैंदर्गीहून थोरल्या बहिणीचा, नागम्माक्कांचा फोन आला.

"बसू, येत्या रविवारी बारसं हाय न्हवं? बाळाच्या कानात कुर्र मी करणार. शिवयोगीला सांगून ठेव."

"सांगतो की अक्का. त्यात काय एवढं?"

"तुझ्या पूनमला मीच केलतं. बघ कशी निघाली पोरगी! दहावीला त्र्याण्णव टक्के. हाताला गुण असतोय बाबा, सगळ्यांच्या नसतोय."

बसवेशनं दुसरा घोट घेतला आणि वळसंगहून धाकट्या बहिणीचा, शांतम्माचा फोन आला.

"अण्णा, कुर्र मी करणार हाय. पूनमला मी केलतं म्हणून पोरगी नंबरात आली. तोच हात ह्या बाळाला लागू दे."

"अगं, पण अक्का म्हणती..."

"अक्काला आता काय आठवतंय? तिनं कुर्र केलं तर मी बारशाला येणार न्हाय. एवढं ध्येनात ठेव."

अक्कांचीही नेमकी हीच अट होती, हे पाच मिनिटांनी कळलं. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात "कुर्र" करायचं आणि नाव सांगायचं हा आत्याचा मान. आता आत्या दोन आणि कान सांगायला एकच लागतो, त्याला बसवेश काय करणार? त्यानं शिवयोगीला फोन लावला. "अण्णा, तुम्हीच काय ते मिटवा," एवढं बोलून शिवयोगीनं फोन ठेवला आणि नंतर बंदच करून टाकला.

खरं म्हणजे पूनमचं नाव कोणी ठेवलं हे बसवेशला माहीत असायला हवं होतं. बाप होता तो, पाळण्यापासून चार हातांवर उभा होता. पण त्या वर्षी त्यानं नवा कॅमकॉर्डर घेतला होता, आणि घेतल्यापासून दोन वर्षं त्यानं घरातलं एकही कार्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. सगळं त्या तळहाताएवढ्या पडद्यात. जेवायलाही तो शेवटच्या पंगतीला, गार भात खायला असायचा. तो कॅमेरा केव्हाच बंद पडला, पण फाइली हॉलमधल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या होत्या. पुढे कधीतरी निवांत बघू म्हणून कोणी कधीच बघितल्या नव्हत्या.

"भांडू नका," त्यानं दोघींना कळवलं. "माझ्याकडं शूटिंग आहे. शनिवारी दुपारी सोलापूरला या. पुराव्यानिशी दाखवतो."

आधी फाइल उघडून बघायची आणि मग बोलायचं, एवढी साधी अक्कल त्याला त्या दिवशी सुचली नाही.

सोमवारी ऑफिसातून आल्या आल्या त्यानं फाइलीवर दोनदा टिचकी मारली. ही फाइल कशाची आहे ते मला माहीत नाही, असं कॉम्प्युटरनं सांगितलं. पंधरा वर्षं त्याच्याच पोटात पडलेली फाइल, आणि म्हणे माहीत नाही! पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं काढलेल्या बसवेशलाही इतकं निर्लज्ज उत्तर कधी सुचलं नव्हतं. पूनमनं कुठला तरी दुसरा प्लेअर टाकून दिला. त्यात आवाज आला, पण इतका तुटक की शब्द एकही लागेना, आणि पडदा काळाकुट्ट. भांड्यांचा खणखणाट, बायकांचं हसणं, एका बाळाचं रडणं आणि मध्येच कोणीतरी केलेलं "कुर्रर्र".

बसवेशनं तेवढा आवाज फोनवरून दोघींना ऐकवला. आवाजावरून तरी निकाल लागेल अशी त्याची भाबडी समजूत होती.

"माझाच आवाज!" अक्का म्हणाल्या.

"माझाच की अण्णा!" शांतम्मा म्हणाली.

बुधवारी त्यानं इंटरनेटवरून एक कोडेक उतरवून घेतला. तो बसवला की चित्र दिसेल असं तिथं लिहिलं होतं, आणि चित्र दिसलंही. सगळे पाहुणे हिरवे दिसले. शिवाय त्यांचे चौकोनी तुकडे पडून इकडेतिकडे सरकत होते. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर जाऊन बसत होतं. तुटका आवाज पुढे आणि चित्र मागे असल्यामुळे लोक आधी हसत आणि मग तोंड उघडत. कोडेकच्या जोडीनं आणखी काय काय घरात शिरलं होतं देव जाणे. दर दहा मिनिटांनी एक बाई इंग्रजीत घाबऱ्या आवाजात चारशे बारा व्हायरस सापडल्याचं सांगू लागली.

"बाईला गप करा आधी," त्याची बायको सिद्धेश्वरी स्वयंपाकघरातून ओरडली. "मला वाटतंय दारात कोण आलंय."

"करतोय की! मी काय हौसेनं बोलावलंय का तिला?"

"मग कुणी बोलावलंय? ह्या घरात फाइली कोण उघडतंय?"

गुरुवारी त्यानं फाइलीचं रूपांतर करून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर मिळवलं. हे मात्र खरंच कामाचं निघालं. चित्र स्वच्छ, माणसं माणसांच्या रंगाची, आवाज जिथल्या तिथं. हॉलमध्ये तोरणं, मध्ये फुलांनी सजवलेला पाळणा, भोवती बायका. इरकल नेसलेली एक बाई पाळण्यावर वाकू लागली. बसवेश खुर्चीच्या टोकावर आला. बाईनं चेहरा वळवला, वळवला, आणि पडद्यावर पाटी आली की फुकटात फक्त अर्धीच फाइल मिळेल.

"अर्धी!" बसवेश उठून उभा राहिला. "अर्ध्यात कुणाचं बारसं होतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं ऑफिसात यशपाल कांबळेला फोन लावून हे गाऱ्हाणं घातलं. यशपाल शेजारच्या टेबलावर अंदाजपत्रकं बघायचा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बिराजदारसाहेब, एवढं काय अवघड हाय त्यात? आपण वरती मागणी पाठवताना काय करतो?"

"काय करतो?"

"दुप्पट टाकतो. मंजूर अर्धीच होणार हे ठाऊक असतंय की! त्या फाइलीला तीच फाइल परत जोडा. दुप्पट करा. मग त्यानं अर्धी दिली की तुमची पुरी झाली."

इतक्या वर्षांच्या नोकरीचा घरी असा उपयोग होईल असं बसवेशला कधी वाटलं नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं किरकोळ रजा सांगितली, फाइल फाइलीला जोडली आणि बटण दाबलं. बाकी वेळ, सात तास, असं पडद्यावर उमटलं.

मे महिना होता. दुपारी साडेतीनला कॉम्प्युटर एवढा तापला की आपोआप बंद पडेल अशी भीती वाटू लागली. बसवेशनं त्याचा एका बाजूचा पत्रा काढला आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन त्याच्या पोटाशी लावला. स्वतः बनियनवर, हातात वर्तमानपत्र घेऊन वारा घालत बसला.

"माणसं उकडून मरायलीत आणि मशीनला फॅन," सिद्धेश्वरी म्हणाली.

"आजच्या दिवस कळ काढ. नव्वद टक्के झालंय."

शहाण्णव टक्क्यांना सिद्धेश्वरीनं शेंगाची चटणी करायला मिक्सर लावला. मिक्सर जुना होता. त्यानं एकदाच घर्र केलं आणि घरातली सगळी वीज गेली. फॅन थांबला, पडदा विझला, चारशे बारा व्हायरसवाली बाईसुद्धा वाक्य अर्धं टाकून गप्प झाली.

"अगं, काय केलंस हे!"

"चटणी केली. तुमच्याच बहिणींना लागतीय न्हवं उद्या भाकरीबरोबर? शहाण्णव टक्के झाली तीबी."

शनिवारी पहाटे त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मिक्सरची वायर काढून कपाटात कुलपात ठेवली. सकाळीच दोन्ही बहिणी येऊन थडकल्या. शांतम्माबरोबर तिचा अजिंक्यही होता, पूनमहून दोन महिन्यांनी मोठा, दहावीला गणितात राहिलेला. अक्का सोफ्याच्या या टोकाला बसल्या, शांतम्मा त्या टोकाला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दोघी कॉम्प्युटरवरच्या हिरव्या पट्टीकडे बघत होत्या.

"एक्काहत्तर," अक्का म्हणाल्या.

"बाहत्तर झाले," दहा मिनिटांनी शांतम्मा म्हणाली.

"मला दिसतंय. मोतीबिंदू काढलाय माझा."

भर दुपारी पट्टी एकदाची भरली. आता खोटी ठरेल ती बहीण चप्पल घालून चालती होणार आणि उद्याचं बारसं एका आत्याविना होणार, हे बसवेशला स्पष्ट दिसत होतं. शिवयोगीचा फोन अजून बंदच होता. त्यानं मनातल्या मनात ग्रामदैवत सिद्धेश्वराला हात जोडले आणि टिचकी मारली.

हॉल, तोरणं, पाळणा, बायका. इरकल नेसलेली बाई वाकू लागली. त्याच क्षणी पाळण्यातल्या पूनमनं असा काही टाहो फोडला की बाई मागे सरली. आणि मग माइकच्या अगदी जवळून, सगळ्या आवाजांवर मात करत एक पुरुषी आवाज आला.

"थांबा, थांबा! हे रडायलंय. रडका शॉट नको. शांता, तुझं पोरगं झोपलंय न्हवं? शूटिंगपुरतं त्याला ठेव पाळण्यात. टोपडं जरा पुढं वढ, कुणाला कळत न्हाय. पूनमला आत न्या. अक्का, तू कुर्र कर. तिचं खरं-खरं मागनं करू."

हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकानं तो आवाज ओळखला. बसवेशनंही ओळखला.

पडद्यावर शांतम्मानं आपलं झोपलेलं बाळ आणून पाळण्यात ठेवलं. नागम्माक्का वाकल्या. "कुर्रर्र! पूनम!" बायकांनी हसून टाळ्या पिटल्या. "ओके, लई भारी! चला, आता जेवायला बसा," असं तोच आवाज म्हणाला, आणि त्यापुढची अकरा मिनिटं लोक हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, खाताना दिसत राहिले. खरं-खरं काही मागनं झालंच नाही.

पहिली बोलली ती पूनम. "म्हणजे पप्पा, माझं नाव ठेवलंच न्हाय?"

"आणि माझं पूनम ठेवलंय?" अजिंक्य किंचाळला.

"पूनमताई, जरा सरकून बसा की," असं म्हणून पूनम पोट धरून हसायला लागली. अक्कांना मात्र हसू आलं नाही. त्या गणितात राहिलेल्या अजिंक्यकडे बघत होत्या.

"ती बाई मी न्हाय वाटत," त्या सावकाश म्हणाल्या. "इरकल तर तू बी नेसली हुतीस, शांता."

"अक्का, तोंड दिसतंय की सरळ तुझं! माझ्या पोराच्या कानात तुझाच हात... तुझंच तोंड गेलंय. म्हणूनच राहिलाय तो गणितात!"

"आणि पाळण्यात ठिवला कुणी?"

"अण्णानं सांगितलं म्हणून ठिवला!"

आठवडाभरात पहिल्यांदाच दोघी बहिणींचं एकमत झालं आणि दोघींनी एकदमच बसवेशकडे पाहिलं. तो माउस हातात धरून भिंतीला टेकला होता.

"पण मग," अक्का म्हणाल्या, "ह्या पोरीचं पूनम नाव लागलं कुणाच्या हातनं?"

सिद्धेश्वरी चटणीचा डबा घेऊन दारात उभी होती. "कुणाच्या म्हणजे? ह्यांच्याच. महापालिकेतला जन्माच्या दाखल्याचा फॉर्म ह्यांनी भरला. मी बाळंतीण, मला कोण विचारतंय?"

दोघी बहिणी बसवेशच्या उजव्या हाताकडे बघू लागल्या. त्र्याण्णव टक्के त्या हाताचे होते, याला आता लेखी पुरावा होता.

"बसू," अक्का म्हणाल्या, "उद्या कुर्र तू करायचं."

"अक्का, मी पुरुष माणूस! तो आत्याचा मान हाय."

"मान आमी तुला देतो की. देतो न्हवं, शांता?"

"देतो की अक्का. आमी दोघी मागं उभ्या राहतो, अण्णा. तू भिऊ नको."

दोघी येणार, भांडण मिटलं, एवढ्यानंच बसवेशचा जीव भांड्यात पडला. मागं उभ्या राहतो म्हणजे काय, याचा विचार त्यानं केला नाही. रविवारी साडेअकराला तो पाळण्यावर वाकला, शिवयोगीच्या लेकीच्या इवल्याशा कानाशी तोंड नेऊन त्यानं "कुर्रर्र" केलं, आणि नाव तोंडातून बाहेर पडायच्या आत त्याच्या पाठीत पहिला बुक्का बसला. कुर्र करणाऱ्या आत्याच्या पाठीत मागच्या बायकांनी बुक्के घालायचे अशी रीतच आहे, पण ते गमतीनं, हलक्या हातानं. अक्कांचा हात हलका नव्हता. शांतम्माचाही नव्हता. मिक्सरच्या वायरीसाठी आदला अख्खा दिवस कुलूपबंद कपाटापुढे उभी राहिलेली सिद्धेश्वरी रांगेत तिसरी होती.

"अय्योय्यो! बास की गं!" बसवेश ओरडला. बाळ मात्र शांतपणे झोपून राहिलं.

अजिंक्य मोबाइलवर शूटिंग करत उभा होता, आणि ते त्यानं लगेच घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. बसवेश पाठ चोळत सरळ उभा राहीपर्यंत मांडवातल्या प्रत्येक खिशातून, प्रत्येक पर्समधून "अय्योय्यो! बास की गं!" ऐकू येऊ लागलं होतं. दोन मिनिटांत हुबळीच्या मामांचा फोन आला. त्यांचा फोन दहा वर्षांचा जुना होता, पण चित्र अगदी स्वच्छ दिसतंय, आवाजही जिथल्या तिथं आहे, असं ते म्हणाले.