दुखणं म्हशीच्या नावावर

केशरबाई चेअरमन आयुष्यात कुणाच्या बापाला भ्यायल्या नव्हत्या. बायकांची दूध सोसायटी चालणारच नाही, असं गावच्या जुन्या सोसायटीच्या विठ्ठलरावांनी छातीठोक सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी ती चालवून दाखवली. दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, तर बाईंनी आष्टीला खेटे घालून जनावरांची छावणी गावाच्या माळावर आणली आणि दुधाचा कॅन एक दिवस रिकामा जाऊ दिला नाही. अशी बाई त्या दिवशी छावणीत सुग्रीव डॉक्टरांसमोर पदराचं टोक पिळत उभी होती. काहीतरी बिनसलंय हे डॉक्टरांनी ओळखायला हवं होतं, पण ते पडले जनावरांचे डॉक्टर.

"डॉक्टर, एक इचारायचं होतं. म्हशीचं."

"विचारा की."

"वेतं थांबल्याली म्हैस हाय. तिला लघवीला जळजळ व्हायलीय. खाज सुटती, लई कोरडं कोरडं वाटतं. रातच्याला झोप म्हनून न्हाई."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावर दिसतं की तिच्या."

खरी गोष्ट अशी की बाईंची पाळी जाऊन बरेच दिवस झाले होते आणि उन्हाळा लागल्यापासून हे दुखणं मागे लागलं होतं. शेजारच्या बायडाबाईंनी कडुनिंबाच्या पाण्याने धुवायला सांगितलं, तेही करून झालं. त्याने आग जास्तच व्हायला लागली. मालकांना, म्हणजे राधाकिशनरावांना, सांगायची सोय नव्हती. असलं काही निघालं की "बायकांचं काय ते बायकांत बघा," म्हणून ते टोपी घालून बाहेर पडत. आष्टीला लेडी डॉक्टर होती, पण चेअरमनबाई तिच्या दवाखान्याच्या बाकावर दिसल्या की संध्याकाळी पारावर तोच विषय. मग बाईंनी विचार केला, डॉक्टर तो डॉक्टर आणि मलम ते मलम. म्हैस काही चारचौघांत बोलायची नाही.

सुग्रीव डॉक्टर मात्र कामाचे फार पक्के होते. "न बघता मी औषध देत नाही," म्हणत ते थेट केशरबाईंच्या दावणीपाशी गेले. दावणीला एकच जनावर होतं, चांदी. बैलजोडी दुष्काळाच्या तोंडालाच बाजारात विकून झाली होती. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला. चांदी दिवाळीच्या सुमाराला व्यायलेली, दोन्ही वेळा भरून दूध देणारी, ठणठणीत म्हैस. तिने मान वळवून केशरबाईंकडे एकदा बघितलं आणि बादली लाथाडली.

"काहीच सापडत नाही," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "म्हणजे आजार आत दडलेला असणार. नमुना तपासणीला पाठवतो. तोवर हिला लांब बांधा आणि हिचं दूध घालू नका."

"आवो, तसं काय न्हाई झालं तिला."

"तुम्हीच म्हणालात, जळजळ, खाज, झोप नाही."

"कमी झालंय आता."

"उभ्या उभ्या?"

दिवस मावळायच्या आत छावणीतल्या लोकांनी आपापली जनावरं चांदीपासून दूर नेऊन बांधली. सकाळी दुधाची गाडी आली, पण ड्रायव्हर कॅनला हात लावेना. चांदीचं दूध कालपर्यंत त्याच कॅनांत मिसळत होतं, तेव्हा सगळंच दूध संशयाचं. भरल्या चरव्या घेऊन बायका उन्हात उभ्या राहिल्या. रानात काही पिकलं नव्हतं. घरात मीठमिरची येत होती ती याच दुधावर.

तेवढ्यात विठ्ठलराव आले. डॉक्टरांना सोबत घेऊनच आले.

"तरी मी म्हनत होतो," त्यांनी सुरुवात केली. "बायकांचं काम न्हाई हे. आजपासून ही सोसायटी बंद. ज्यांची जनावरं धड हायेत त्यांनी आमच्याकडं दूध घालावं."

राधाकिशनराव बायकोच्या कानाशी आले. "म्हैस इकून टाकू. निदान अब्रू तरी ऱ्हाईल."

केशरबाईंनी चांदीकडे बघितलं. बिचारी लांब एकटीच बांधलेली, पुढ्यात चारा असून खात नव्हती. मग त्यांनी बायकांकडे बघितलं आणि पदर खोचला.

"म्हैस धडधाकट हाय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "जळजळ मला हाय. पाळी गेल्यापासून, खालच्या जागी. सरळ बोलायची लाज वाटली म्हनून म्हशीच्या नावावर खपवलं. ती लाज आता संपली. इठ्ठलराव, आनखी काय इचारायचंय का?"

विठ्ठलराव आपल्या चपलेचा अंगठा निरखून बघत होते. राधाकिशनराव टोपी शोधत होते आणि टोपी डोक्यावरच होती.

"म्हणजे मी त्या बिचारीला उगीच..." सुग्रीव डॉक्टर चांदीकडे बघत पुटपुटले.

"ती घेईल समजून," केशरबाई म्हणाल्या. "तुमी ड्रायव्हरला सांगा, दूध चांगलं हाय म्हनून."

डॉक्टरांनी सांगितलं. कॅन गाडीत चढायला लागले, तेव्हा बायडाबाईंनी चरवी खाली ठेवली.

"अक्का, मला बी तसंच हाय. लई दिवसापासून. कडुनिंबानं मला बी गुण आला नव्हता."

"मग मला कावून सांगितलंस?"

"म्हनलं, तुला तरी येईल."

मागून सोसायटीतली मनकर्णाही पुढे झाली, मग आणखी कुणी. दुसऱ्या दिवशी आष्टीच्या त्या बाकावर आख्खी सोसायटी दाटीवाटीने बसली होती आणि केशरबाई पहिल्या नंबरला, ताठ. म्हशीची हकीकत त्यांच्या आधीच तिथे पोचली होती. लेडी डॉक्टरांनी नीट तपासलं आणि हसू दाबत समजावून सांगितलं.

"पाळी गेली की योनीची कातडी पातळ होते, कोरडी पडते. जळजळ त्याचीच आहे. किती बायकांना होतं, सांगत कुणी नाही. साबण नको, कडुनिंब तर नकोच, नुसतं साधं पाणी. मलम देते, नेमानं लावा आणि पुन्हा दाखवायला या. आणि पाळी गेल्यावर परत कधी रक्त दिसलं, तर म्हशीला पाठवू नका, स्वतः या."

हळूहळू केशरबाईंना झोप लागायला लागली. सोसायटीत बायका आता फॅटच्या भावाबरोबर मलमाचंही उघड बोलत. बाईंना या गोष्टीचा सोसायटीपेक्षाही जास्त अभिमान वाटे, आणि का वाटू नये?

पुढे एकदा सुग्रीव डॉक्टर छावणीत आले असताना राधाकिशनराव त्यांना गाठून बाजूला घेऊन गेले. हातात टोपी होती आणि ती ते पिळत होते.

"डॉक्टर, एक इचारायचं होतं. बैलाचं."

"विचारा."

"म्हातारा झालाय. रातच्याला सारखं उठावं लागतं लघवीला. अन् उठून बी धड होत न्हाई."

सुग्रीव डॉक्टरांनी हातातला हातमोजा घडी करून खिशात ठेवला. पलीकडे केशरबाई चांदीची धार काढत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही की हात थांबवला नाही.

"आवो, बैल इकून वरीस झालं," त्या म्हणाल्या. "सकाळी दुधाच्या गाडीत बसा, आष्टीला दवाखान्यात जाऊ. मी येते संगं."