पत्ता : तीनशे अठ्ठ्याहत्तर

दाजींना पत्ता विचारला की ते घराचा सांगत नाहीत. ‘तीनशे अठ्ठ्याहत्तर,’ म्हणतात. त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला प्रिंटरची जाड केबल जिथे जोडलेली आहे, त्या पोर्टचा हा पत्ता.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सैन्यात कारकुनी करून निवृत्त झाले आणि विट्याला येताना लिलावातला तो कॉम्प्युटर आणि एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर घेऊन आले. तेव्हापासून सकाळी आधी मशीन सुरू करायचे, निळ्या पडद्यावर पोर्टचा मोड तपासायचा, मगच चहा. जगही ते त्याच पोर्टमधून पाहतात. शेजारी ऐकून घेत नसला, तर तो ‘नॉर्मल मोडचा माणूस’. कुणी काम सांगितले, तर ‘पोर्ट बिझी’. अक्का स्वयंपाकघरातून ‘आवं’ अशी हाक मारी, तिलाही उत्तर तेच मिळे. वर्षापूर्वी अर्धांगाने अक्काची वाचा गेली. दाजींचे पोर्टपुराण मात्र थांबले नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याचे पाहुणे माझ्या मुलीला पाहायला सांगलीला आले. वडीलधारे म्हणून दाजींना बोलावणे भाग होते. मुलाच्या वडिलांनी आदराने विचारले, ‘विट्यात आपण कुठं राहता?’

‘तीनशे अठ्ठ्याहत्तर,’ दाजी म्हणाले आणि मुलाकडे वळले. ‘तुमचा मोड कुठला? नॉर्मल का दोन्हीकडचा?’

मुलाचा पोह्यांचा चमचा हवेतच राहिला.

‘लाजू नगा. नॉर्मलमदी मशीन नुसतं बोलतं. दोन्हीकडच्यात ऐकूनबी घेतं. लग्नाआदी बदलून घ्या, मागनं लय जड जातं.’

मुलाच्या आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. वेलदोड्याच्या वासाने भरलेली ती बैठक इतकी शांत झाली, की बशीत टेकणारा कपही मला दूषण देतो आहे असे वाटले. तेवढ्यात दाजींनी घड्याळ पाहिले आणि अर्धा चहा तसाच टाकून, ‘पोर्ट बिझी हाय’ म्हणत ते विट्याच्या एसटीसाठी चालू लागले.

तरीही होकार आला. साखरपुड्यात ती शोभा पुन्हा नको, म्हणून मी विट्याला निघाले. ‘आपण न आलात तर बरे’ हे वाक्य उसाच्या हिरव्या दाटीतून जाताना वाटभर मऊ करीत होते.

‘या मास्तरीणबाई,’ दाजी म्हणाले. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्याचा हा टोमणा.

‘दाजी, साखरपुड्याविषयी बोलायचं होतं.’

तोच प्रिंटर खरखरला. दाजी तडक आत गेले. मी कागद पाहिला. ठिपक्यांनी विणलेला एकच शब्द : आवं. खाली जमिनीवर घड्याघड्यांनी लोळणाऱ्या कागदावरही तेच. आवं. आवं. अनुस्वार अक्षरापासून जरा दूर पडलेला, हाकेनंतरच्या श्वासासारखा.

आतल्या खोलीत अक्काच्या हाताशी एक लाल बटण होते. त्याची तार भिंतीवरून थेट त्या पोर्टपर्यंत गेली होती. दाजी अक्काला कुशीवर वळवीत होते.

‘कागद संपला, हे सांगायला प्रिंटरला एक तार असती,’ ते म्हणाले. ‘ती हिला दिली. बटण दाबलं की हाक छापून येती.’

‘साधी घंटी बसवायची ना.’

‘बसवली हुती. घंटीला कुणीबी येतं. आवं म्हणल्यावर मलाच यावं लागतंय.’ मग चादरीची सुरकुती काढत, माझ्याकडे न पाहता ते हळूच म्हणाले, ‘बोलत हुती तवा मी बिझी हुतो.’

सुरकुती केव्हाच गेली होती. त्यांचा हात तिथेच फिरत राहिला.

‘माझ्यामुळं तुमची मान खाली जाती, कळतंय मला,’ ते म्हणाले. ‘गप बसतो साखरपुड्यात. पर हिच्याकडनं कुणीतरी यायला पायजे.’

वाटभर मऊ केलेले ते वाक्य मी तिथेच टाकून दिले.

‘दोघंही या. गाडी पाठवते,’ मी म्हणाले. मान वर होत नव्हती.

अक्काचा अंगठा हलला. बाहेर प्रिंटर पुन्हा खरखरला.

‘हाय की गं,’ तिच्या शेजारीच उभे असलेले दाजी म्हणाले. ‘हितंच हाय.’